विश्लेषण : ‘कीव’, ‘दया’, ‘करुणा’, ‘अनुकंपा’ यांत नेमका फरक काय? अर्जात कोणता शब्द लिहावा?

तहसील कार्यालयाबाहेरच्या टेबलावर, झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात लिहून मिळणाऱ्या अर्जांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. ‘तरी मेहेरबान साहेबांनी माझ्यावर दया करून…’ किंवा ‘माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन…’ आणि मग ‘ही नम्र विनंती’. खाली सही किंवा अंगठा.

समजा, साकोली तालुक्यातल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. तो जिल्हा परिषदेत नोकरीला होता. त्याच्या पत्नीला अनुकंपा नियुक्तीसाठी अर्ज करायचा आहे. अर्ज लिहून देणारा विचारतो, ‘ताई, दया करा असं लिहू, की सहानुभूतीनं विचार करा असं लिहू?’ ती म्हणते, ‘काही बी लिहा भाऊ, एकच ते.’

खरेच एकच का? कीव, दया, करुणा, सहानुभूती, अनुकंपा, कणव, कळवळा हे सगळे शब्द दुसऱ्याचे दुःख पाहून मनात जे होते त्याबद्दलचे आहेत. पण बोलणारा कुठे उभा आहे, वर, शेजारी की लांब, हे प्रत्येक शब्द वेगळे सांगतो. त्यांतले काही शब्द सरकारी कागदावर जातात, तेव्हा मिळणारी गोष्ट मेहेरबानी आहे की हक्क, हा प्रश्न त्यांच्याशी जोडला जातो. गेल्या काही वर्षांत भंडारा जिल्ह्याने हे शब्द फार जवळून पाहिले आहेत.

भंडाऱ्यात हे शब्द एकत्र कधी आले?

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. त्यांतली ७ वाचली, १० दगावली. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांची, तर पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून २ लाख रुपयांची मदत जाहीर झाली.

अशा घटनेनंतर शब्दांची एक रांगच लागते. देश हळहळतो. नेते शोक व्यक्त करतात, संवेदना कळवतात, सांत्वनाला येतात. सरकार सानुग्रह मदत जाहीर करते. आपण बातमी वाचतो, ‘अरेरे, बिचारी माणसं’ म्हणतो आणि पुढची बातमी उघडतो.

चार वर्षांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. त्यात किमान ८ कामगारांचा जीव गेला. पुन्हा तीच रांग लागली. कर्ता माणूस कामावर असताना गेला की या रांगेत आणखी एका शब्दाची भर पडते. तो शब्द म्हणजे अनुकंपा.

ज्याच्या घरावर प्रसंग येतो, त्याला या प्रत्येक शब्दातून वेगळी गोष्ट मिळते. हळहळीतून काहीच हाती लागत नाही. सांत्वनातून आधार मिळतो, सानुग्रह मदतीतून धनादेश आणि अनुकंपेतून प्रतीक्षायादीतला क्रमांक. म्हणून हे शब्द एकेक करून समजून घ्यायला हवेत.

‘कीव’ ऐकायला का बोचते?

एक साधी चाचणी करून पाहू. ‘मला तुझ्या बुद्धीची कीव येते’ हे वाक्य मराठीत सर्रास बोलले जाते आणि तो अपमान असतो. आता ‘कीव’ काढून ‘करुणा’ घाला. ‘मला तुझ्या बुद्धीची करुणा येते’ असे कोणी म्हणत नाही. ‘कणव येते’ असेही म्हणत नाही. टोमणा मारायला कीवच लागते.

कारण कीव नेहमी वरून खाली पाहते. कीव करणारा सुरक्षित जागी उभा असतो आणि ज्याची कीव येते तो खाली असतो. त्या नजरेत दुःखाची जाणीव असते, पण ‘मी तसा नाही’ हा दिलासाही असतो. म्हणूनच माणूस मदत घेईल, उसने घेईल, पण ‘माझी कीव करू नका’ असे बजावेल.

गंमत अशी की हा शब्द जन्मतः वाईट नव्हता. संस्कृत ‘कृपा’चे प्राकृतात ‘किवा’ झाले आणि त्यातून मराठीत ‘कीव’ आली, असे व्युत्पत्ती सांगते. म्हणजे कृपा आणि कीव मुळात एकच शब्द. ‘कृपा’ संस्कृतातून जशीच्या तशी घेतली, ती देवळात आणि गुरूच्या पायाशी राहिली. ‘कीव’ लोकांच्या तोंडी घासत आली आणि तिचा मान कमी होत गेला. देवाची कृपा मागताना कोणाला लाज वाटत नाही. शेजाऱ्याने कीव केलेली मात्र सहन होत नाही.

इंग्रजीतही असेच घडले आहे. तिथला कीव या अर्थाचा शब्द ‘पिटी’ आणि भक्तिभाव या अर्थाचा ‘पायटी’ हे दोन्ही लॅटिनमधल्या ‘पिएटास’ या एकाच शब्दातून आले. दोन्ही भाषांत एका शब्दाचे दोन शब्द झाले. एक पूजेत राहिला, दुसऱ्याला हिणवणुकीचा वास लागला.

याच कुटुंबातला आणखी एक शब्द म्हणजे ‘बिचारा’. फारसीत ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चारा’ म्हणजे उपाय, इलाज. बेचारा म्हणजे ज्याच्यापुढे इलाज उरलेला नाही असा माणूस. आपण ‘बिचारा’ म्हणतो, तेव्हा नकळत त्याच्यापुढे काही मार्ग नाही असा निकालच देऊन टाकतो. अनेकदा मार्ग असतो, फक्त तो दाखवायला कोणी थांबलेले नसते.

मग ‘दया’ चांगली की वाईट?

दया कीवेइतकी बोचत नाही, पण तीही वरूनच येते. संस्कृतातल्या ‘दय्’ या धातूला देणे, रक्षण करणे असे अर्थ आहेत. म्हणजे दयेत नुसते वाटणे नाही, देणेही आहे. ‘कीव आली’ एवढ्यावर गोष्ट संपू शकते. ‘दया केली’ म्हटले की काहीतरी दिले, सोडले किंवा वाचवले असा अर्थ निघतो.

देणाऱ्याच्या हाती काही असेल तरच दया करता येते. सावकार कुळावर दया करू शकतो, कूळ सावकारावर नाही. म्हणून दयेच्या मागे सत्ता असते. ती दाखवायची की नाही हे सत्ता असलेला ठरवतो. जुन्या काळी राजा ठरवायचा. ‘मेहेरबान’ हा फारसी शब्द तिथूनच आला आणि आजही कोर्टाच्या कागदावर ‘मे.’ या अक्षरात शिल्लक आहे.

फाशीच्या शिक्षेत ‘दयेचा अर्ज’ म्हणतात, ती खरेच दया असते का?

इथे शब्द आणि कायदा यांत फरक पडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ नुसार राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आहे. या अनुच्छेदांच्या मूळ इंग्रजी मजकुरात ‘दया’ या अर्थाचा शब्द नाही. तो आपल्या बोलण्यात आला आणि रूढ झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये मात्र दयेच्या अर्जाची स्वतंत्र तरतूद आहे आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात स्पष्ट केले की हा अधिकार म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, ती घटनेने सोपवलेली जबाबदारी आहे. अर्जावर विनाकारण वर्षानुवर्षे निर्णय झाला नाही, तर तेवढ्या कारणानेही फाशी जन्मठेपेत बदलू शकते. नाव दयेचे राहिले, पण आत कर्तव्य आले.

इथे आणखी एक गोंधळ होतो. वरच्या न्यायालयाने शिक्षा कमी केली की ‘दया दाखवली’ असे म्हटले जाते. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी इथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, तांत्रिकदृष्ट्या ती दया नव्हती. तो अपिलातला न्यायनिर्णय होता. न्यायालय पुरावा आणि कायदा तोलते. दयेचा अर्ज त्यानंतर, वेगळ्या दारात जातो.

‘दयामरण’ या शब्दाचेही असेच झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात, ७ मार्च २०११ च्या निकालावेळी, चर्चा ‘दयामरण द्यावे का’ अशी होती. ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सात वर्षांत चर्चेचा मुख्य शब्द ‘दया’ऐवजी ‘हक्क’ झाला.

‘करुणा’ दयेपेक्षा वेगळी कशी?

यासाठी पवनीला जाऊ. वैनगंगेच्या काठावरच्या या गावात १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख सापडले. तिथल्या एका शिल्पात मुचरिंद नाग कोरलेला आहे. पाली परंपरेत त्याला मुचलिंद म्हणतात. ध्यानस्थ बुद्धावर वादळी पावसात फणा धरून राहिलेला तोच हा नाग.

बौद्ध परंपरेत मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा असे चार मनोभाव सांगितले आहेत. मेत्ता म्हणजे सर्वांचे भले चिंतणे, करुणा म्हणजे दुसऱ्याचे दुःख दूर व्हावे ही इच्छा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद आणि उपेक्खा म्हणजे समतोल. पतंजलीच्या योगसूत्रातही मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हाच क्रम आढळतो.

बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. लांबचा शत्रू क्रूरता, तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे स्वतःच शोकात बुडून जाणे. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवतो. दुसऱ्याचे दुःख पाहून आपणच इतके रडू लागलो की आपल्यालाच सावरावे लागले, तर ती करुणा नव्हे. करुणेत मन हलते, पण हात थांबत नाही.

दयेला देणारा आणि घेणारा अशा दोन पायऱ्या लागतात. करुणेला त्या लागत नाहीत. दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येते आणि आपणही त्यातून सुटलेले नाही, या समजेतून करुणा येते. त्यामुळे ज्याच्याकडे द्यायला काही नाही, तोही करुणा करू शकतो.

मराठीत करुणेचा आणखी एक वापर आहे. ‘करुणा भाकणे’ म्हणजे देवाला आर्त विनवणी करणे. शिवाय करुण रस आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत हिवाळ्यात रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांत तो प्रेक्षकांना पदराने डोळे पुसायला लावतो. नाट्यशास्त्राने या रसाचा स्थायिभाव शोक मानला आहे. पडद्यावरच्या किंवा मंडपातल्या दुःखाने डोळे भरून येणे, ही माणूस असल्याची खूण आहे. पण नाटक संपल्यावर आपण घरी जातो. खऱ्या आयुष्यातली करुणा नाटक संपल्यानंतर सुरू होते.

सहानुभूती आणि परानुभूती यांत काय फरक?

सहानुभूती म्हणजे सह अनुभूती, सोबत अनुभवणे. इंग्रजीतल्या ‘सिंपथी’साठी हा शब्द रुळला. त्या ग्रीक मूळ शब्दाचा अर्थही ‘सोबत सोसणे’ असाच. पण वापरून वापरून त्याची धार गेली. ‘मला तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण…’ हे वाक्य ऐकले की काम होणार नाही हे कळते. निवडणुकीत ‘सहानुभूतीची लाट’ येते आणि ओसरते.

परानुभूती किंवा समानुभूती हा शब्द अलीकडचा. तो ‘एम्पथी’साठी वापरतात. इंग्रजीतही तो जुना नाही. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एका जर्मन शब्दावरून तो घडवला. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याला काय वाटत असेल ते समजून घेणे, असा त्याचा अर्थ.

फरक उदाहरणातून सहज कळतो. धानाचे पीक हाताशी आले आणि अवकाळी पावसाने भिजले. ‘फार वाईट झालं हो’ ही सहानुभूती. ‘आता मळणीचं कसं करता, सोसायटीचं कर्ज कधी भरायचं आहे?’ हा प्रश्न परानुभूतीचा. सहानुभूतीत आपण आपल्या जागेवर राहून बोलतो, परानुभूतीत समोरच्याच्या बांधावर जाऊन पाहतो.

मात्र समजून घेणे म्हणजे मदत करणे नव्हे. फसवणारा माणूसही समोरच्याचे मन अचूक ओळखतो. म्हणून परानुभूतीच्या पुढे करुणेची गरज उरतेच.

घरात बोलले जाणारे ‘कणव’, ‘कळवळा’, ‘हळहळ’ हे शब्द कुठे बसतात?

हे शब्द कागदावर कमी आणि तोंडात जास्त.

कळवळा हा पोटातून येतो. दुखण्याची कळ आणि कळवळणे यांतले नाते ऐकूनच जाणवते. लेकराला लागले की आईचा जीव कळवळतो. तिथे वर-खाली नसते, कारण दुखणे आपलेच झालेले असते.

कणव त्याहून शांत. ‘कनवाळू’ माणूस म्हणजे ज्याचे मन सहज ओलावते असा. कणव येते तेव्हा समोरचा लहान होत नाही, आपण मऊ होतो.

हळहळ मात्र नेहमी उशिरा येते. घडून गेल्यावर, हातातून सुटल्यावर ‘असं व्हायला नको होतं’ म्हणणे म्हणजे हळहळ. तिच्यात दुःख खरे असते, पण करायचे काही उरलेले नसते. रुग्णालयातल्या आगीनंतर हळहळणारे आपण सगळे आगीआधी अग्निसुरक्षेची विचारपूस करत नव्हतो, हेही मान्य करायला हवे.

नोकरीतील ‘अनुकंपा’ म्हणजे काय? तो हक्क आहे का?

आता सुरुवातीच्या अर्जाकडे वळू. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, सोबत आणि ‘कंप’ म्हणजे थरथर. दुसरा थरथरला की आपणही थरथरतो, ती अनुकंपा. मुळात फार सुंदर शब्द. पण आज तो मनाचा शब्द राहिलेला नाही. ‘मला अनुकंपा वाटते’ असे कोणी बोलत नाही. ‘तो अनुकंपावर लागला’ असे मात्र गावोगाव बोलतात.

शासकीय कर्मचारी सेवेत असताना मरण पावला, तर कुटुंबातील एका पात्र सदस्याला ठरावीक पदांवर नियुक्ती देण्याची ही योजना आहे. महाराष्ट्र शासनाने या विषयावरच्या सूचना २१ सप्टेंबर २०१७ च्या शासन निर्णयात एकत्र केल्या आणि त्यात वेळोवेळी बदल होत असतात. केंद्र सरकारच्या योजनेत गट क मधील थेट भरतीच्या जागांपैकी ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये उमेशकुमार नागपाल प्रकरणात या योजनेचा पाया सांगितला. सरकारी नोकरी सर्वांसाठी खुल्या स्पर्धेतून मिळायला हवी, अनुकंपा हा त्याला अपवाद आहे. कर्ता माणूस अचानक गेल्यावर कुटुंबावर कोसळलेले आर्थिक संकट निभावून नेणे, हा त्याचा हेतू. ती वारसाहक्काने मिळणारी नोकरी नाही आणि विशिष्ट पदावर दावा सांगण्याचा हक्कही नाही.

पण म्हणजे ती साहेबांची मर्जी आहे का? नाही. योजना लिहिलेली आहे, पात्रता लिहिलेली आहे, यादीचा क्रम ठरलेला आहे. त्या नियमांनुसार आपल्या अर्जाचा विचार व्हावा, हे कुटुंब मागू शकते. नोकरीची हमी नाही, पण नियमाप्रमाणे विचार होण्याची अपेक्षा रास्त आहे. हा फरक न कळल्यामुळे दोन चुका होतात. काही कुटुंबे ‘नोकरी आपलीच आहे’ असे धरून मुदतीकडे दुर्लक्ष करतात. काही ‘साहेबांची दया झाली तर’ म्हणत गप्प बसतात आणि यादीतला आपला क्रमांकही विचारत नाहीत.

कार्यालयांत यादीतल्या उमेदवाराला ‘अनुकंपाधारक’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर अनुकंपा धारण करणारा म्हणजे ज्याच्या मनात ती आहे तो. कागदावर मात्र ती ज्याला मिळायची आहे, त्यालाच हे नाव चिकटले. थरथर व्हायची होती ती व्यवस्थेला, ती आली वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला.

‘सानुग्रह अनुदान’ म्हणजे उपकार का?

‘सानुग्रह’ म्हणजे अनुग्रहासह, कृपेने दिलेले. इंग्रजी कारभारातल्या ‘एक्स ग्रेशिया’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘कृपेपोटी’ असाच आहे. म्हणजे देणाऱ्यावर बंधन नसताना दिलेली रक्कम. म्हणूनच महापालिका कर्मचाऱ्यांना दिवाळीला मिळणारी रक्कम आणि आपत्तीत माणूस गेल्यावर कुटुंबाला मिळणारी रक्कम, दोन्हींना ‘सानुग्रह’ हाच शब्द लागतो.

पण शब्द कृपेचा असला तरी कायदा कृपेवर सोडत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये आपत्तीग्रस्तांना द्यायच्या किमान मदतीत जीवितहानीसाठी सानुग्रह साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना मदत मिळावी, या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निकाल दिला. अशा मदतीची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणे हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, ते ऐच्छिक नाही, असे त्यात म्हटले. त्यानंतर प्रत्येक मृत्यूसाठी ५० हजार रुपये ठरले. अर्ज केलेल्या कुटुंबांना मिळालेली ती रक्कम नावाने ‘सानुग्रह’, पण पाठीशी कायद्याचे बंधन, अशी होती.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी. सानुग्रह मदत घेतली म्हणून नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग आपोआप बंद होत नाही. सरकारी यंत्रणेच्या चुकीमुळे जगण्याचा हक्क हिरावला गेला, तर न्यायालय भरपाई देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या नीलबती बेहेरा प्रकरणात मांडले आहे. मदत दुःखासाठी असते. भरपाई चुकीसाठी असते.

गोसेखुर्दच्या जमिनीत या शब्दांचा काय संबंध?

पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. त्या काळी जमीन १८९४ च्या इंग्रजी कायद्याखाली जात असे. त्या कायद्यात बाजारभावाशिवाय एक जादा रक्कम असायची. तिचे इंग्रजी नाव ‘सोलेशियम’, मराठीत ‘दिलासा रक्कम’. मालकाची इच्छा नसताना जमीन घेतल्याबद्दलचे ते सांत्वन. आधी ते १५ टक्के होते, १९८४ च्या दुरुस्तीने ३० टक्के झाले.

२०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दिलासा रक्कम १०० टक्के झाली. त्याहून मोठा बदल नावातच आहे. जुना नुसता भूसंपादनाचा कायदा होता. नव्याच्या नावात वाजवी भरपाई मिळण्याचा ‘हक्क’ आला.

दिव्यांगांबाबतही हीच वाट दिसते. २०१६ च्या कायद्याच्या नावात ‘हक्क’ हा शब्द आहे. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण ठेवले. बसस्थानकावर रॅम्प बांधणे ही दया नव्हे. रॅम्प नसताना चौघांनी मिळून व्हीलचेअर उचलणे ही चांगुलपणाची गोष्ट आहे, पण तिची रोज गरज पडणे ही व्यवस्थेची चूक आहे.

मग दया नकोच का?

तसे नाही. हक्काने पैसे मिळतात, पण मृत्यूच्या दिवशी स्वयंपाक करून आणणारी शेजारीण कुठल्या कायद्यात नसते. नियमाची मुदत चुकली असताना कारण समजून घेणारा अधिकारीही लागतो. हक्क असला तरी करुणा लागतेच. पण जिथे नियमाने देणे आहे, तिथे ते दया म्हणून दिले की घेणाऱ्याची मान खाली जाते. आणि जिथे मायेची गरज आहे, तिथे नुसता नियम सांगितला की माणूस एकटा पडतो.

थोडक्यात : कोणता शब्द कधी?

- कीव : वरून खाली पाहणारी. बोलताना जपून वापरा, ती सहज अपमान होते.
- दया : सत्ता असलेल्याने केलेली सवलत किंवा मदत. जिथे नियम आहे, तिथे हा शब्द लागत नाही.
- करुणा : बरोबरीच्या नात्याने दुःख दूर व्हावे ही इच्छा, कृतीसह.
- सहानुभूती : आपल्या जागेवरून व्यक्त केलेली सोबत.
- परानुभूती : दुसऱ्याच्या जागी जाऊन समजून घेणे.
- कणव, कळवळा : आपल्या माणसासाठी मनातून येणारे.
- हळहळ : घडून गेल्यानंतरचे दुःख.
- अनुकंपा : आज मुख्यतः नोकरीच्या योजनेचे नाव. हमी नाही, पण नियमानुसार विचार होतो.
- सानुग्रह मदत : नावाने कृपा, पण अनेकदा कायद्याने बांधलेली.
- भरपाई : चूक किंवा संपादन यांबद्दलचे देणे. हे हक्काने मागायचे असते.

अर्ज लिहिताना काय कराल?

नम्रता ठेवा, पण ‘दया करा’ या शब्दांवर अर्ज उभा करू नका. योजनेचे नाव, शासन निर्णयाची तारीख, मृत्यूची तारीख, कुटुंबातील अवलंबितांची माहिती आणि जोडलेल्या कागदांची यादी लिहा. मुदतीच्या आत अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ऐवजी ‘वरील नियमानुसार विचार होऊन निर्णय लेखी कळवावा’ असे लिहिता येते. यादीतला क्रमांक विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

साकोली तालुक्यातल्या त्या ताईंचे म्हणणे ‘एकच ते’ असे होते. ते एकच नाही. दयेच्या अर्जाला ‘बघू’ असे उत्तर मिळू शकते. नियमाच्या अर्जाला तारखेसह लेखी उत्तर द्यावे लागते. ते उत्तर येईपर्यंतच्या दिवसांत मात्र तिला कागद कामाचा नाही. ‘चला, मीही येतो तुमच्यासोबत कार्यालयात’ असे म्हणणारे कोणीतरी शेजारी हवे.